काठीखालून

गोष्ट २०२३ सालच्या फाल्गुनातली. कासू स्टेशनावरून खाडीकडं उतरलं की जे गाव लागतं, तिथल्या हैबतरावांच्या खळ्यात शनिवारी उन्हं कलताना त्यांच्या सुनेनं, रंभेनं, हातातली निळी तबकडी जीव खाऊन फेकली. तबकडी वर चढली, आभाळात क्षणभर थबकली आणि मागं येऊन पेंढ्याच्या उडवीवर पडली.

कुंपणापलीकडून शेजारची गोदूबाई हसली. "रंभे, कावळे हाकलतेस का गो?"

"व्हय. एक कुंपणाला चिकटलाय, तो काय उडत नाय."

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. तबकडी फेकत फेकत लांबच्या टोपलीत पाडायची, कमी फेकींत पाडील तो पुढं. रंभेच्या लेकीनं, सुरभीनं, हा खेळ रोह्याच्या कॉलेजातून घरी आणला आणि वेड लागलं ते आईला. उद्या रोह्याला नदीकाठच्या माळावर स्पर्धा होती. वयाची अट नव्हती. रंभेनं नाव दिलं होतं, आणि दुपारी पानावर बसल्या बसल्या सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं, जायचं नाय.

सुरभीनं त्या फेकीचा व्हिडिओ काढला होता. तिनं फोन पुढं केला. "हे बघ आई. सुटताना हात वर जातोय. तबकडीचं तोंड आभाळाकडं होतं, म्हणून ती चढते नि परत येते. छातीसमोरून सरळ ओढ."

"सरळच तर ओढते."

"मग फोन खोटं बोलतो का?"

रंभेनं फोनमध्ये स्वतःला पाहिलं. गुडघ्यांत वाकलेली, कंबर मागं, हात खालून वर. ही ढब ओळखीची वाटली, पण कुठली ते आठवेना.

ते हैबतरावांना आठवलं. काठी टेकत ते पडवीतून आले, फोनवर डोळे बारीक केले आणि खो खो हसले. "अगो, ही तर चिखलाची फेक! खांड बुजवताना मारतात ती."

उधाणानं खाडीचा बांध फुटून खांड पडली की गाव रांगेनं चिखलात उभं राहतं. खालचा वरच्याला गोळा फेकतो, वरचा त्याच्याही वरच्याला. हात खालून वरच गेला पाहिजे, नाहीतर गोळा पायाशी पडतो. रंभा लग्न होऊन आली त्याच वर्षी त्या रांगेत उभी राहिली, आणि पुढं एकही खांड तिनं चुकवली नाही.

"उद्या रोह्याच्या लोकांपुढं चिखल फेकणार?" हैबतराव म्हणाले. "हसतील. माझ्या नावाला हसतील. गुमान घरी बस."

रंभेचे कान तापले. "मामंजी, ही फेक मला शिकवली कुणी?"

हैबतरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही शिकवलीत. कमरेएवढ्या चिखलात उभी करून. सगळ्या गावादेखत शाबास म्हणालात. तवा कोण नाय हसलं. आता ती सवय तुम्हीच मोडा."

गोदूबाईचं हसू आटलं. हैबतराव तरातरा पुढं गेले, तबकडीच्या वाटेच्या कडेला उभे राहिले आणि हातातली काठी खांद्याच्या उंचीवर आडवी धरली.

"काठीखालून काढ. काठीला लागली तर उद्या घरात. कबूल?"

"आजोबा, सरका, लागेल तुम्हाला!" सुरभी ओरडली.

"खाडी अंगावर घेतलीय मी. ह्या ताटलीला भितो व्हय?"

रंभेनं फेकली. खाडकन आवाज झाला. काठी हातातून उडून पेंढ्यात जाऊन पडली.

हैबतरावांनी हात झटकला. "संपलं. उद्याची पिशवी भरू नको."

रंभा पेंढ्यापर्यंत चालत गेली. तिनं काठी उचलली, पदरानं पुसली आणि आणून त्यांच्या हातात दिली.

"धरा. परत फेकते."

"अगो, ठरलं काय होतं?"

"तुमचं ठरलं होतं. मी कबूल म्हटलंच नाय. गाडी उद्या सकाळची हाय. उजेड हाय तवर धरा."

म्हातारा पुटपुटला. पण काठी वर गेली.

तबकडी पुन्हा काठीवर आपटली. परत एकदा आपटली.

"वाकतेस कशाला?" हैबतराव खेकसले. "इथं खड्डा नाय, खांड नाय. सरळ उभी राहा की!"

रंभा सरळ उभी राहिली. खळ्यातला उजेड विझत आला होता तेव्हा एक तबकडी काठीखालून सपाट सुटली, कुंपण ओलांडून गेली आणि भेगाळलेल्या शेतावरून लांब, लांब जात राहिली.

"गेली गो!" गोदूबाई ओरडली.

रोह्याला रंभा शेवटून दुसरी आली. त्याच्या पुढच्या वर्षी वरून तिसरी. सुरभी नागोठण्याला कंपनीत लागली. शिफ्टमुळं तिचा खेळ सुटला, पण आईचे व्हिडिओ ती अजून मागवते आणि चुका कळवते. उडवीवर गेलेल्या तबकड्या काढून द्यायचं काम गोदूबाईनं कुणी न सांगता अंगावर घेतलं. हैबतराव दोन वर्षांनी थंडीत गेले.

त्यांची काठी खळ्यात दोन बांबूंना आडवी बांधलेली आहे, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. दमल्या दिवशी रंभेचा हात अजून वर जातो, आणि काठी वाजते. मग ती तबकडी उचलून आणते, जागेवर सरळ उभी राहते आणि काठीकडं बघून म्हणते,

"धरा. परत फेकते."