नायकाचा बाप

ऐन पंचविशीत टक्कल पडलं म्हणून नाटक कंपनीने त्याला नायकाचा बाप करून टाकलं, ते कायमचंच. नायक त्याच्याच वयाचा, पण कुरळ्या केसांचा. टाळ्या घेऊन विंगेत आला की डोळा मिचकावून विचारायचा, "काय बाबा, दमलात?" अन् याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

साठी उलटल्यावर नायकाचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्याच्या जागी नवा पोरगा आला. "आता कळेल लेकाला!" असं पुटपुटत हा आपली ठेवणीतली काठी घेऊन तालमीला गेला. पाहतो तर बापाच्या खुर्चीत जुना नायक!

"राग मानू नका, दादा," दिग्दर्शक म्हणाला, "तुमचं म्हातारपण लोकांना पाठ झालंय.

यांचं कसं, अगदी ताजं आहे!"