ओसाकाला फोन

"घरात पाऊल टाकलं की 'तादाइमा' म्हणायचं. म्हणजे, आले मी घरी," होशिनोबाई हसून म्हणाल्या. "आता परत."

क्रिस्टी पुन्हा बाहेर गेली, चपला काढून आत आली आणि तिने तो शब्द म्हटला. होशिनोबाईंचे डोळे भरून आले.

वसईची क्रिस्टी दोहातल्या एका गॅस कंपनीत नोकरीला होती. साहेब लोक जपानी, म्हणून संध्याकाळी ती भाषा शिकायची. त्यांच्यातल्याच एका साहेबांच्या बायको, होशिनोबाई, एकदा क्लासला आल्या आणि नेमक्या तिलाच म्हणाल्या, "शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला ये. घरातली भाषा घरातच येते."

"कच्चं मासं खाऊ घालतील गो तुला," दोहाच्या मन्सूरा भागात एका खोलीत तिच्यासोबत राहणारी रीटाताई म्हणाली होती.

पण जेवण गरम होतं, चवीचंही. झोपायला मुलीची खोली मिळाली. भिंतीवर पोहण्याची पदकं होती.

"मुलगी कुठे असते?" क्रिस्टीने विचारलं. होशिनोसाहेबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी सकाळी पलंगावर एक निळा फ्रॉक ठेवलेला होता. "घाल ना," बाई म्हणाल्या. तो अंगाला अगदी मापात बसला. त्यानंतर बाईंनी तिला क्रिस्टी म्हणून हाक मारलीच नाही.

दुपारी त्या तिच्याजवळ येऊन बसल्या.

"आमची युकी गेल्या वर्षी समुद्रात बुडाली. ओसाकाच्या आजीला सांगितलंच नाही. तिला सोसायचं नाही. तू बोलशील फोनवर? युकी म्हणून?"

"आवाज ओळखतील त्या."

"तिला कमी ऐकू येतं."

बाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. क्रिस्टीला नाही म्हणवेना.

मग घोकंपट्टी सुरू झाली. तीनच वाक्यं, पण बाईंचं समाधान होईना. "परत. युकी असं नाही बोलत. परत." आवाजातला गोडवा हळूहळू आटत गेला. साहेब उठले आणि त्यांनी पडदे ओढून घेतले. एसीची घरघर तेवढी राहिली.

शेवटी साहेबांनी नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला. बाई मागे उभ्या राहिल्या, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून.

"आजी, मी युकी," क्रिस्टी म्हणाली. "मी बरी आहे. आई-बाबांजवळच आहे."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. म्हातारी रडत असेल, असं क्रिस्टीला वाटलं.

मग एका तरुण मुलीचा दबका आवाज आला. इंग्रजीत.

"आई तुझ्या मागे उभी असेल. हसत राहा आणि नुसतं हो हो म्हण. युकी मी आहे. मी तिथून पळून आजीकडे आले. आज अंधार पडायच्या आत तूही पळ."