अठरा गोळ्या

चाळीस जणांना फोन लागला. एक्केचाळिसावा काही केल्या उचलेना, तेव्हा औषधवाल्या बाईंनी नवी बाटली पर्समध्ये टाकली आणि चपला घातल्या.

“दारावर सूचना लावली आहे ना,” जनावरांचे डॉक्टर म्हणाले. “येतील तेव्हा वाचतील.”

“सूचना आपल्या दारावर आहे, डॉक्टर. बाटली त्यांच्या घरात आहे.”

कंपनीचं पत्र सकाळीच आलं होतं. कुत्र्याच्या सांधेदुखीच्या गोळ्या परत मागवल्या होत्या. खोट औषधात नव्हती, झाकणात होती. ते लहान मुलाच्या हातानेही उघडत होतं, आणि गोळीला मांसाचा वास. दोन गोळ्या जरी मुलाच्या पोटात गेल्या, तरी जिवावर बेतू शकत होतं.

तिसऱ्या मजल्यावर टाइपमास्तरांनी दार उघडलं. टायपिंगचा क्लास बंद होऊन वर्षं झाली होती, नाव मात्र चिकटलं होतं. त्यांचा म्हातारा कुत्रा पायपुसण्यावर पसरला होता. बाईंनी जरा मोठ्याने सगळं सांगितलं.

“पण या घरात लहान मूल आहेच कुठे?” मास्तर हसले. “मी आणि हा. दोघांचे दात पडायला आलेत.”

तेवढ्यात समोरच्या दारातून चार-पाच वर्षांची मुलगी आली. काखेत बाहुली. सरळ आत जाऊन तिने टेबलावरची बाटली घेतली, झाकण फिरवलं आणि गोळी तळहातावर काढली.

“ही चिमी, शेजारची,” मास्तर ओशाळून म्हणाले. “माझ्या बोटांना आता झाकण उघडत नाही. रोज तीच उघडून देते.”

बाईंनी बाटली आणि गोळी दोन्ही हळूच काढून घेतली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि गोळ्या मोजल्या. रोज एक अशा तीस दिल्या होत्या, बारा दिवस झाले होते. अठरा हव्या होत्या. सोळा भरल्या.

त्यांनी परत मोजल्या. सोळाच.

“चिमी, तू खाल्लीस का गं एखादी?”

“शी! कुत्र्याची गोळी कोण खातं?”

“अहो, ती खोटं नाही बोलायची,” मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

“खोटं बोलते असं मी म्हणतच नाही, काका. पण दोन कमी आहेत. त्या सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

त्यांनी पदर खोचला. कुत्र्याला उठवून पायपुसणं झटकलं, सोफा ओढला, कपाटाखाली झाडू फिरवला. एक बटण निघालं, पेनाचं टोपण निघालं. गोळी नाही. बाई चिमीसमोर जमिनीवरच बसल्या.

“तुझ्या बाहुलीला बरं नाही का?”

“तिचे पण पाय दुखतात.”

“मग तिला औषध दिलंस?”

चिमीने मान हलवली. “दोन पायांना दोन. तिने खाल्ल्या.”

“कशा खाल्ल्या, दाखव बरं.”

चिमीने बाहुलीची मान धरून पिळली. डोकं सुटून हातात आलं. बाईंनी धड वर्तमानपत्रावर उलटं धरलं आणि हलवलं. एक गोळी पडली. दुसरी पडेना. त्यांनी बाहुलीचा पाय ओढून काढला. आत दुसरी अडकली होती.

“अठरा,” बाई म्हणाल्या.

मास्तर खुर्चीत बसले होते. “मी स्वतः तिच्या हातात देत होतो,” ते पुटपुटले. “रोज.”

बाईंनी नवी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. “हे झाकण तळहाताने दाबायचं आणि दाबूनच फिरवायचं.”

“मला नाही जमणार.”

“मी उघडू, आजोबा?” चिमीने लगेच हात घातला. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, मग दात लावले. झाकण नुसतंच कटकट करत फिरत राहिलं. “हे बिघडलंय,” ती म्हणाली.

मास्तरांनी बाटली तिच्याकडून घेतली. पहिल्यांदा ती हातातून निसटली. दुसऱ्यांदा झाकण अर्धवट फिरून जागच्या जागी आलं. चिमी पुन्हा पुढे सरकली.

“नको,” ते म्हणाले. “हे आता माझं काम.”

बाईंचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. मास्तरांनी बाटली गुडघ्यांत घट्ट धरली, वाकड्या बोटांवर दुसरा तळवा ठेवला आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला.