लिंपलेली भेग

बीबी गावातल्या घराच्या अंगणात योगिनीची मोबाइलवर मुलाखत चालली होती. तेल आणि गॅस शोधणाऱ्या कंपनीतली नोकरी. याआधी दोनदा हुकलेली. मुलाखत घेणारे साहेब वैतागले, "पाठांतर पुरे! जमिनीखालची एक फट गॅस अडवते, दुसरी गळते. का? सोपं करून सांगा." योगिनीनं नजर वर केली. समोर माय ज्वारीच्या कणगीची भेग शेणामातीनं लिंपत होती. योगिनीनं मोबाइल तिच्या हातांकडे फिरवला. "सर, हे बघा. खडक सरकताना चिकणमाती फटीत अशी घासून बसली, तर गॅस कोंडतो. नुसता दगडाचा चुरा भरला, तर निसटतो." माय खेकसली, "अवं भवाने, माहे भरलेले हात काऊन दाखवून राह्यली?" साहेब खुलले. "मावशी, भेग मोठी असली तर?" "मंग माती जास्त लागते." माय फोनवर वाकली. "येवढं ठावं नाही, अन् माह्या पोरीची परीक्षा घेऊन राह्यले?"