क्रुसाचं रीळ

पहिला पैसा येशूच्या गुडघ्यावर आपटला. मागोमाग एक चवली बरगडीवर. वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये दानिएल झरोक्याला डोळा लावून बसला होता.

पडद्यावर येशूला नुकतंच क्रुसावर खिळलं होतं. खाली जमिनीवर बसलेली, बाजाराला आलेली माणसं हात जोडून उठली होती आणि कनवटीला असेल ते पडद्यावर फेकत होती. त्यांचं काय चुकलं? हौसरावांच्या या दौंडमधल्या पत्र्याच्या थेटरात देव दिसला की पैसे टाकायचे, ही रीत हौसरावांनीच लावलेली. तिकिटातला वाटा पुण्याच्या कंपनीला जायचा, कर सरकारला. पडद्यापुढं पडलेलं मात्र सगळं मालकाचं. दौंडची रेल्वेतली माणसं फुकटच्या पासावर पुण्याला जाऊन नवी चित्रं बघून यायची, इकडं फिरकायचीसुद्धा नाहीत. थेटर जगत होतं ते या फेकलेल्या पैशावर. मारामारीच्या चित्रातही मध्येच देवाचा एक तुकडा चिकटवून दाखवायची पाळी ऑपरेटर दानिएलवर यायची. आणि तो चिकटवायचा, निमूटपणे.

पण देव तरी किती पुरणार? एकेक चित्र तीन-तीनदा लावून झालं, तेव्हा गुड फ्रायडेच्या तोंडावर येशूचं चित्र आणायचं दानिएलनंच सुचवलं. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर हौसराव हो म्हणाले. दानिएलच्या मनात मात्र वेगळंच होतं. त्याची आई प्रेमाबाई शिरूरच्या बाजूला गावोगाव बायबल वाचून दाखवत हिंडायची. लेक थेटरात लागल्यापासून सहा वर्षं तिनं त्याच्या कमाईचा घास खाल्ला नव्हता. ते सैतानाचं दुकान, म्हणायची. एकदा तिनं येऊन आपलं काम बघावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्यानं तिथल्या चर्चच्या पाळकांना गळ घातली आणि शिरूरची अख्खी मंडळी लॉरीत घालून आजच्या दुपारच्या खेळाला आणली. ती सगळी मागच्या बाकांवर बसली होती. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हा शिमगा चालला होता.

डोअरकीपर म्हस्कू खराटा आणि सूप घेऊन पडद्याखाली शिरला. खेळ संपेपर्यंत थांबलं तर पुढं बसलेलेच पैसे उचलतात, म्हणून चालू चित्रातच झाडायचं, अशी मालकांची ताकीद होती. त्याची सावली येशूच्या पायांवर पडली. वाकली, उठली, पुन्हा वाकली. पाळक उठले, डोळ्यांवर हात धरून बाहेर चालू लागले. त्यांच्यामागं एकेक बाक रिकामं होत गेलं. त्या गर्दीत आई कुठं गेली ते दानिएलला दिसेना.

तेवढ्यात हौसराव धापा टाकत जिना चढून आले. तोंडात पान, स्वारी भलतीच खुशीत. देव अजून किती वेळ राहतोय, त्यांनी विचारलं. आता मरतो, दानिएल म्हणाला, मग खाली उतरवतात आणि थडग्यात ठेवतात. हौसरावांचा चेहरा पडला. मेलेल्या देवावर कोण पैसे टाकणार?

"मग फुडचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "खिळं मारत्यात तिथनं परत लाव. आजून दोन येळा लाव."

दानिएलला त्या माणसाची शिसारी आली आणि त्याहून जास्त स्वतःची. कारण तो तुकडा कुठून कुठपर्यंत फिरवायचा याचा अंदाज त्याच्या डोक्यानं तेवढ्यात घेऊनही टाकला होता. थू असल्या जिण्यावर! त्यानं खटका ओढला. पडदा काळा झाला.

हौसराव आईबापावर आले. उद्यापासून दुसरा ऑपरेटर बघतो, म्हणाले. बघा, दानिएल म्हणाला. एरवी पडदा विझला की शिट्ट्या सुरू व्हायच्या, पत्र्यावर दगड पडायचे. आज खाली कुणी हूं की चूं करत नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. दारात आई उभी होती. दानिएलला तिच्याकडं बघवेना.

"चल आई, जाऊ घरी," तो म्हणाला. "मी काम सोडलं."

प्रेमाबाई हलली नाही. पाळक गेले तेव्हा ती उठून पुढं जमिनीवर बायकांत जाऊन बसली होती. तिथं सोजराबाई म्हणून बाजाराला आलेली एक म्हातारी तिचा हात धरून रडत होती. कनवटीचा भोकाचा पैसा तिनं टाकला होता आणि एकच विचारत होती, एवढ्या माणसांत ह्याला खाली घेणारं कुणीच कसं नाही. आईनं हे सगळं सांगितलं आणि म्हणाली,

"दिवा लाव. त्याला तसा टांगता ठेवून त्या बाया उठायच्या नाहीत. मीही नाही."

दानिएल म्हणाला, परत पैसे मारतील, तो म्हस्कू परत झाडत बसेल.

"मारू दे. त्या दिवशी तर लोक थुंकले होते त्याच्यावर." ती फिल्मच्या पेटीवर टेकली. "चालू कर. अजून तिसरा दिवस राहिलाय."

पुटपुटत जिना उतरायला निघालेले हौसराव थबकले. तिसऱ्या दिवशी काय होतं, त्यांनी विचारलं.

"उठतो," प्रेमाबाई म्हणाली.

दानिएलनं दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवल्या. उजेड फुटला, मोटर घुमू लागली. हौसराव दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावले, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत आला.

"म्हस्कू, खराटा ठिवू नगंस. देव परत यायचा हाय."