उजवीकडून डावीकडे

"पप्पा, ह्यातली बाई शेवटी लग्न करते की नोकरी?"

मीनलने विचारून टाकलं. तिच्या मैत्रिणी मोहिनी आणि गोदू दाराबाहेर चपला शोधत असल्याचं नाटक करत कान लावून होत्या. पैज त्यांचीच. पूछ के दिखा, म्हणून मोहिनीने रस्ताभर डिवचलं होतं. रविवारी बेलवलीहून पाहुणे मीनलला बघायला येणार होते. बारावी संपली की बार उडवायचा, असं घरात ठरलेलं. तेव्हापासून लग्न हा शब्द तिने काढायची चोरी होती.

तिचे पप्पा हरिचंद्र हसले. ते चित्रकथेचं पुस्तक त्यांनीच आणलेलं. अंबरनाथच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला जपानी इंजिनिअर ते टाकून गेला होता. अक्षर एक कळत नव्हतं, पण चित्रांवरून तिघींनी गोष्ट कधीच लावली होती. सुरुवातीला एक बाई ॲप्रन बांधून दारात उभी राहते, नवऱ्याला टाटा करते. मग कंटाळून त्याच्याच ऑफिसात जाते. पुस्तकं छापणारं ऑफिस, कागदांचे ढीग, तिच्या हातात लाल पेन्सिल. मग दोघांची भांडणं. मग तो अगदी परका. आणि शेवटच्या पानावर ती एकटी, खांद्याला बॅग, हसत ऑफिसच्या पायऱ्या चढते. त्या पानावर तिघी फिदा होत्या.

"उलटं वाचलंत की गं," हरिचंद्र म्हणाले. "जपानी लोक इकडून, उजवीकडून सुरू करतात. तो इंजिनिअर जेवताना वाचायचा, मी बघितलंय."

त्यांनी पुस्तक फिरवलं आणि हौसेने स्वतःच सांगायला बसले. बाई पायऱ्या चढली. टेबल मिळालं. ऑफिसातला साहेब ओरडला. मग साहेब गोड बोलायला लागला. एकेक पान उलटलं की बाईच्या पाठीमागे एकेक दार लागत होतं. मीनल बघत राहिली.

"हे बघ, लग्नच केलंन. सुखाचा शेवट."

आई हात पुसत आली, चित्रावर वाकली. घर टापटीप ठेवलंय हो हिनं, म्हणाली, आणि त्याच दमात मीनलला रविवारी मोरपंखी साडी नेसायला सांगितलं.

"हिची पेन्सिल कुठाय?" मीनलने विचारलं.

हरिचंद्रांनी ॲप्रनवाल्या बाईकडे निरखून पाहिलं. "घरात कशाला लागतेय पेन्सिल?"

मीनलने पुस्तक मिटून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"येऊ देत रविवारी," ती म्हणाली. "साडी नेसते. पोहेही मीच करते. पण मुलाकडून काय निरोप येतो त्याची वाट बघत बसू नका. नकार मी देणार आहे, तिथंच, सगळ्यांसमोर."