टोप्यांचे साचे

मृतांच्या दिवशी बोलिव्हियातल्या आमच्या एल आल्तो शहरात कुणीही दारी येऊन घरातल्या गेलेल्या माणसासाठी प्रार्थना केली, की त्याला पाव द्यावाच लागतो. म्हणून मी अपासाला घरात घेतलं. याच माणसानं चीनच्या टोप्या आणून माझ्या बायकोचा, बासिलियाचा, कारखाना बंद पाडला होता.

त्यानं प्रार्थना उरकली. मी पाव हातावर ठेवला.

"वहिनींसारखी टोपी कुणालाच जमली नाही," तो खात खात म्हणाला.

"हे ती असताना सांगायचं होतंस."

"सोड ना जुनं, सेवेरो. बंदरापासूनचं ट्रकभाडं दुप्पट झालंय. चिनी टोपी आता परवडत नाही, इथंच बनवू या. वहिनींचे लाकडी साचे तेवढे दे, म्हणशील ती किंमत देतो. तसे साचे कोरणारा आता एकही उरला नाही."

"ठाऊक आहे. पाव कसा झालाय?"

"झकास. घरीच भाजलास?"

 

"हो. साच्यांचं लाकूड जुनं, वाळलेलं होतं. भट्टी लगेच पेटली."